एकोणिसाव्या कलमातला चंद्र

सनदेचं एकोणिसावं कलम हणमंत शेलारने सकाळपासून सातव्यांदा वाचलं, आणि सातव्यांदाही त्याचा अर्थ तोच निघाला. ‘ज्या रहिवाशाचे सहस्रचंद्रदर्शन झाले असेल, त्यास पुढील यानाने सन्मानपूर्वक पृथ्वीवर परत आणावे. आदेश वसाहतप्रमुखाने काढावा.’ पुढचं यान अकरा दिवसांनी सुटणार होतं. मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीचा प्रमुख हणमंतच होता. आणि जिला परत पाठवायचं ती बाई त्याच्या टेबलाच्या पलीकडे बसून निवांतपणे शेवग्याच्या शेंगा मोडत होती.

डॉ. मनोरमा देवस्थळी यांना तांबडमाळात सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. मंगळाच्या मातीतले विषारी क्षार धुऊन काढायची रीत त्यांनीच बसवली, आणि गेली अडतीस वर्षं अख्खी वसाहत त्यांच्या हातच्या मातीतली भाजी खात होती. येत्या गुरुवारी बाईंना ऐंशी वर्षं आणि दहा महिने पूर्ण होत होते. एवढ्या आयुष्यात माणसाच्या वाट्याला हजार पौर्णिमा येतात, म्हणून पृथ्वीवर त्या वयाच्या माणसाला पाटावर बसवून दिव्यांनी ओवाळतात. मंगळावर मात्र त्याला यानात बसवतात.

सनद लिहिणारी मंडळी हुशार होती, हीच सगळी पंचाईत. ‘एक्याऐंशी वर्षे’ असं सरळ लिहिलं असतं तर पृथ्वीची की मंगळाची, असा घोळ झाला असता, कारण मंगळाचं वर्ष जवळपास दुप्पट लांब. तेव्हा कुणाला तरी सुचलं की वर्षांच्या भानगडीत पडायचंच कशाला? आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन असा सुंदर, निःसंदिग्ध शब्द आहे की! शब्द सगळ्यांना आवडला. टाळ्या पडल्या असतील, चहाही झाला असेल.

“आदेश काढ रे बाबा,” बाई म्हणाल्या. “तुझं तोंड बघवत नाही मला.”

“बाई, तुमी गप बसा जरा,” हणमंत म्हणाला. तो मूळचा कोरेगावचा, कक्षागणिताचा अभियंता, एरवी बोलणं अगदी प्रमाण. पण बाईंसमोर त्याची जीभ गावाकडं वळायची.

त्याच्या टेबलावर डॉ. फरीदा मुजावर यांचा अहवाल पडला होता. वसाहतीच्या डॉक्टरांनी त्यात काहीही गुळमुळीत लिहिलं नव्हतं. मंगळाची ओढ पृथ्वीच्या तीन-अष्टमांश. ज्या शरीराला अडतीस वर्षं तेवीस किलोचा भार वाहायची सवय लागली, त्याला पृथ्वीवर अचानक साठ किलो पेलावे लागतील. हाडं विरळ झालेली, हृदय आळसावलेलं. बाई पृथ्वीवर जास्तीत जास्त सहा महिने काढतील, आणि तेही अंथरुणात. हणमंतने हा अहवाल जोडून नाशिकच्या मंगळ वसाहत मंडळाला तीनदा विनंती केली होती. तिन्ही वेळा सचिव केळुसकरांचं उत्तर आलं होतं की कलमाला अपवाद नाही, आणि कलम बदलायचं तर सर्व सभासदांचं मतदान घ्यावं लागेल, त्याला तीन वर्षं लागतील.

“सनदेतल्या शब्दाचा अर्थ लावायचा अधिकार प्रमुखाला असतो ना?” बाईंनी शेंगेची साल ओढत विचारलं.

“असतो. मंडळाला पटला तर. पण सहस्रचंद्रदर्शनाचा दुसरा अर्थ लावायचा तरी काय?”

“दुपारी मुदपाकखान्यात ये. फरीदालाही आण. आणि येताना विजेरी घेऊन ये.”

मुदपाकखान्यात दुपारची जेवणं आटोपली होती. बाईंनी विजेरीची काच काढून, चहूकडे उजेड पडेल अशी ती एका डब्यावर उभी पेटवली, एक सोललेला बटाटा सुरीच्या टोकाला खोचून हणमंतच्या हातात दिला, आणि डॉक्टरांना मध्ये स्टुलावर बसवलं.

“विजेरी म्हणजे सूर्य, बटाटा म्हणजे चंद्र, फरीदा म्हणजे पृथ्वी. हणमंता, तिच्याभोवती फिर. आता सांग, पौर्णिमा कुठं होते?”

“कुठं म्हणजे? चंद्रावर.”

“असं? मग बघ बटाट्याकडे.”

हणमंत फिरता फिरता थांबला आणि हसला. कक्षागणितात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला हे बटाट्याने शिकवावं, याची त्याला थोडी लाजही वाटली. “बटाटा निम्मा कायम उजळलेलाच आहे की. अमावस्येलाही निम्मा, पौर्णिमेलाही निम्मा. चंद्रावर काहीच घडत नाही. उजळलेली बाजू पूर्ण समोर आली, तर डॉक्टरांना पौर्णिमा दिसते.”

“आणि त्याच वेळी दारात उभं राहून बघितलं तर?”

“दारातनं अर्धकोर दिसेल. म्हणजे पौर्णिमा चंद्रावर होत नाही, बघणाऱ्याच्या जागेवर होते.”

“आत्ता कसं बोललास!”

डॉक्टर स्टुलावरून उठल्या. “थांबा थांबा. मग आपल्या इथल्या चंद्रांचं काय? फोबॉस तर पावणेआठ तासांत मंगळाभोवती फिरतो. त्याच्या पौर्णिमा मोजायच्या म्हटलं तर?”

“तर वर्षभराच्या आतच हजार भरतात,” हणमंत म्हणाला. “मग तुमचं, माझं आणि गेल्या दिवाळीला जन्मलेल्या तुमच्या नातीचंही सहस्रचंद्रदर्शन उरकलं. सगळ्या वसाहतीला परत न्यायला लागेल. मंडळ मान्य करणार नाही. चंद्र म्हणजे पृथ्वीचाच चंद्र, ह्यात काही वाद नाही.”

“नाहीच,” बाई म्हणाल्या. “पण दर्शन म्हणजे दर्शन. मला इथून पृथ्वीचा चंद्र कसा दिसतो, ते सांग.”

हणमंत बटाटा घेऊन विजेरीजवळ गेला आणि बाईंकडे बघत तिच्याभोवती हळूहळू फिरू लागला. मंगळ पृथ्वीच्या बाहेरच्या कक्षेत आहे. म्हणजे इथून बघताना चंद्र आणि पृथ्वी दोन्ही सूर्याच्या आसपासच रेंगाळतात, संध्याकाळच्या नाहीतर पहाटेच्या आभाळात दोन ठिपक्यांसारखे. दुर्बिणीतून कधी कोर दिसते, कधी अर्धं बिंब, कधी त्याहून थोडं जास्त. पूर्ण उजळ बाजू बाईंकडे वळायची असेल, तर त्याला विजेरीच्या थेट पलीकडे जावं लागत होतं. तो तिथे गेला, आणि विजेरीच्या लखलखाटात बटाटा बाईंना दिसेनासा झाला.

“सूर्य आड येतोय,” तो म्हणाला. मग मोठ्यांदा म्हणाला, “बाई, सूर्य आड येतोय! चंद्र जेव्हा पुरा उजळ होतो, तेव्हाच तो सूर्यामागं दडतो. इथनं पौर्णिमा कधी दिसायचीच नाही!”

“गेल्या अडतीस वर्षांत मी एकही बघितलेली नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्रेचाळिसाव्या वर्षी इकडे आले. वर्षाला बारा आणि वर थोड्या. कर हिशेब.”

“पाचशे बत्तीस.”

“मग? माझं अजून निम्म्याच्या थोडं पुढेच आलंय. घाई कसली करतोयस मला घालवायची?”

डॉक्टर इतक्या जोरात हसल्या की बाहेरची दोन माणसं डोकावून गेली. हणमंतला हसूही येईना. पंधरा दिवस छातीवर बसलेलं ओझं एकाएकी उतरल्यावर माणसाला आधी श्वासच लागतो, तसं त्याचं झालं होतं.

अर्थनिर्णयाचा मसुदा त्याने तिथेच बसून लिहिला. बाई शेजारी बसून सूचना करत होत्या. ‘सूर्य, पृथ्वीचा चंद्र व पाहणारा अशा स्थितीत आले, की पाहणाऱ्यास चंद्राचे पूर्ण उजळ बिंब दिसावे, तर ती त्या पाहणाऱ्याची एक पौर्णिमा समजावी.’

“पुढे लिही, ‘मग पाहणारा कुठेही असो’,” बाई म्हणाल्या.

“ते कशाला? आपलं काम एवढ्यात भागतंय.”

“कलम एकट्या माझ्यासाठी आहे का? व्याख्या कशी, चहूबाजूंनी बांधलेली असावी. लिही मुकाट्याने.”

त्याने लिहिलं. बाईंच्या शब्दाबाहेर जायची तांबडमाळात कुणाची टाप नव्हती, आणि त्या वेळी तर बाईंनी कोऱ्या कागदावर सही मागितली असती तरी त्याने दिली असती.

संदेश गेला. नाशिकला पोचायला तेरा मिनिटं आणि तिथल्या लोकांना पटायला चार दिवस लागले. ते चार दिवस हणमंतचं कशात लक्ष लागलं नाही. रविवारी नेहमीप्रमाणे बायकोचा आणि मुलीचा ध्वनिचित्रसंदेश आला. जाईचा पुढचा दात पडला होता, आणि तो तिने पडद्यासमोर धरून दाखवला. हणमंतने तो संदेश तीनदा लावला. त्याची नेमणूक सहा वर्षांची होती, त्यातली दोनच झाली होती, आणि प्रमुखाला मुदतीआधी पद सोडता येत नाही हेही त्याच सनदेत होतं. त्याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नव्हता. बाई त्या वेळी मेथीची रोपं द्यायला आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या, संदेश संपेपर्यंत थांबल्या आणि रोपं ठेवून गेल्या.

पाचव्या दिवशी केळुसकरांचं उत्तर आलं. हणमंतने डॉक्टरांना आणि बाईंना बोलावून घेतलं आणि मगच ते सुरू केलं. पडद्यावर केळुसकर घसा खाकरून वाचू लागले.

“आपला अर्थनिर्णय मंडळाच्या खगोलशास्त्रज्ञांनी तपासला. तो निर्दोष असून मंडळाने तो एकमताने स्वीकारला आहे. डॉ. देवस्थळी यांचे पाचशे बत्तीस चंद्र झाले असल्याने त्यांना एकोणिसावे कलम लागू होत नाही.”

डॉक्टरांनी बाईंना मिठीच मारली. हणमंतने डोळे पुसले आणि पडदा बंद करायला हात पुढे केला.

“थांब,” बाई म्हणाल्या. “ते अजून बोलतायत.”

“मात्र नवी व्याख्या सर्वांना सारखीच लागू करणे क्रमप्राप्त होते,” केळुसकर पुढे वाचत होते. “म्हणून मंडळाने तांबडमाळच्या दोनशे चौदा रहिवाशांच्या सेवापुस्तिका तपासल्या. त्यांपैकी एका रहिवाशाने चंद्राच्या विषुववृत्तावरून फिरणाऱ्या चांद्रस्थानकावर एक वर्ष काम केले आहे. हे स्थानक सव्वासहा तासांत चंद्राभोवती एक फेरी घालते, आणि प्रत्येक फेरीत एकदा सूर्य व चंद्र यांच्या मध्ये येते. त्या क्षणी सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असतो, आणि चंद्राचे पूर्ण उजळ बिंब समोर. व्याख्येनुसार ती पौर्णिमाच. दिवसाला जवळजवळ चार, वर्षाला सुमारे तेराशे नव्वद. पृथ्वीवरच्या एकोणचाळीस वर्षांच्या मिळवून अठराशे सत्तर. झोपेतल्या वजा केल्या तरी चौदाशे होतात. या रहिवाशाचे सहस्रचंद्रदर्शन केव्हाच झाले आहे. यानातील राखीव आसन आता त्यांच्या नावे करण्यात येत आहे. श्री. हणमंत शेलार यांचे मंडळातर्फे हार्दिक अभिनंदन.”

पडदा काळा झाला. हणमंत त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

“पद मुदतीआधी सोडता येत नाही,” तो कसाबसा म्हणाला.

“सोडता येत नाही. पण कलमाने सोडवता येतं,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि उपप्रमुख मी आहे, घाबरू नका. वसाहत पळून जायची नाही.”

हणमंत सावकाश बाईंकडे वळला. बाई खिडकीबाहेरच्या तांबड्या माळाकडे फारच लक्ष देऊन बघत होत्या.

“बाई, ‘पाहणारा कुठेही असो’. तुमाला ठाऊक होतं.”

“मी अडतीस वर्षं माती चाळतेय,” बाई म्हणाल्या. “एक सेवापुस्तिका चाळायला कितीसा वेळ लागतो?”

“मी गेलो तर तुमच्याशी भांडणार कोण?”

“तो माझा तोटा. तो मी धरूनच चालले होते.” बाईंचा आवाज जरा कापला, आणि त्यांनी तो कापू दिला. “तू गेल्यावर मला करमणार नाही रे. पण पोरीचे दात पडतात ते दिवस परत येत नाहीत. सव्वीस महिन्यांनी दुसरं यान येईल, तोवर ती बापाला ‘अहो’ म्हणायला लागेल.”

ज्या आदेशावर सही करायला लागू नये म्हणून त्याने रात्रीचा दिवस केला होता, तोच आदेश त्याने त्या दिवशी स्वतःच्या नावाने काढला. कलमात तसंच होतं, आदेश वसाहतप्रमुखानेच काढायचा.

यान सुटायच्या सकाळी सगळं तांबडमाळ मोठ्या घुमटाखाली जमलं. बाईंसाठी म्हणून डॉक्टरांनी शंभर दिव्यांची तयारी आधीच करून ठेवली होती. घुमटात ज्योत पेटवायला बंदी, म्हणून दिवे विजेचे. हणमंतला पाटावर बसवलं. पांढऱ्या केसांच्या बायकांनी काळ्याभोर केसांच्या हणमंतला ओवाळलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला. कुणीतरी ओरडलं, “आजोबा, घास भरवू का?” सगळे हसले.

शेवटी बाई पुढे आल्या. पदर सावरून त्या खाली वाकू लागल्या, तसा हणमंत पाटावरून ताडकन उठला. मंगळावर ताडकन उठलेला माणूस हातभर वर जातो. तो वर गेला आणि खाली येईपर्यंत बाईंनी त्याच्या पायांच्या जागी हात टेकून ठेवले होते.

“बाई, काय करताय हे!”

“नियम म्हणजे नियम. तू अठराशे सत्तर चंद्र पाहिलेला वडीलधारा माणूस. मी पाचशे बत्तीसची पोर. आशीर्वाद दे.”

शतायुषी व्हा म्हणावं, तर एक्याऐंशीच्या बाईला एकोणीसच वर्षं दिल्यासारखं होतं. हणमंतने हात त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवला.

“बाई,” तो म्हणाला, “यापुढं तुमाला एकबी चंद्र दिसू नये.”