गप्प केलेली नदी

आधी दिसले ते बूट. माझ्याच टेबलाखालून बाहेर आलेले. आणि आत कुणीतरी गुणगुणत होतं.

"कोण आहे तिकडे? आधी बाहेर या!"

टेबलाला डोकं आपटून तो बाहेर आला. हातात वायर, केसांत जळमट, आणि हसू... अपराधी म्हणावं तर फारच गोड.

"चोर नाही हो. मुलांच्या टॅबना चार्जिंगची सोय करतोय."

"चोर असंच म्हणतात."

"असं हसतात पण?"

ते हसू मात्र मी लक्षात ठेवलं — तिथेच चुकलं माझं.

शाळेत गोष्टींचा तास माझा. मी सांगायची, मुलं ऐकायची. आता मुलं टॅबवर फोटो काढणार, आवाज भरणार, ॲपमध्ये सारं जोडून स्वतःच्या गोष्टी करणार. ते शिकवायला हा आलेला. मुलांचा टॅबदादा. आणि मोठ्या बाई सहज बोलून गेल्या होत्या, "हे जमलं, तर तुमचा तास गणिताला देता येईल."

सहज!

मग मी त्याच्यावर नजर ठेवली. मी गोष्ट सांगू लागले की हा मागच्या बाकावर टॅब धरून बसायचा. माझा आवाज, माझे हातवारे, सगळं भरून घ्यायचा. मी पाहिलं की खिडकीबाहेर बघायचा. खिडकीबाहेर भिंत होती.

"एवढं काय टिपताय?"

"मुलांना लागेल."

"आणि मग मी कशाला लागेन?"

"म्हणजे... लागालच की." त्याचे कान लाल झाले.

घरी ताईला सांगितलं, "तो माझ्या पाळतीवर आहे."

भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "काल शर्ट कुठला होता त्याचा?"

"निळा. बाह्या दुमडलेल्या."

"मग पाळतीवर कोण आहे गं?"

ताईला काय, सगळ्यात गंमत दिसते.

एका दुपारी वर्गाच्या दाराशी पाय थबकले. आत मुलांची कुजबुज चालली होती. "बाईंचा आवाज पुसला?" "पुसला. नदी गप्प झाली." "बाईंना कळता कामा नये हं!" हे शेवटचं त्याचं. मी आत गेले, तर सारे टॅब पालथे. त्याने मान खाली घातली. तास गेला, आणि घेऊन जाणारा हाच!

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह पालकांनी भरलं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत. पडद्यावर निळ्या कागदाची नदी वाहू लागली. कापसाचा फेस, बाटलीच्या झाकणाची होडी. होडी वळणावर आली, आणि आवाज बंद. चित्रही थांबलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्याने नजर चुकवली नाही.

तेवढ्यात गोष्ट करणारी चिमुरडी उभी राहिली. "बाई, नदी बोलेना. तुम्ही बोला ना!"

ओठांवर आपसूक आलं,

"नदीबाई नदीबाई, कुणाची गं वाट?
पाणी गेलं पुढं पुढं, मागं राही काठ..."

चिमुरडीने टॅबवर बोट टेकवताच होडी पुढे निघाली. मग दुसरी गोष्ट थांबली, तिसरी थांबली. प्रत्येक गोष्ट माझ्यापाशी येऊन थांबत होती.

"म्हणजे या गोष्टी बाईंशिवाय चालतच नाहीत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाहीच! मुद्दाम तशा केल्यात," चिमुरडी म्हणाली.

मोठ्या बाई हसल्या. "मग गणिताला दुसरा तास शोधते."

सभागृह रिकामं झालं. तो वायर गुंडाळत होता.

"कल्पना कुणाची?"

"मुलांची. मी फक्त आवाज पुसायला शिकवलं."

"मला सांगितलं का नाही?"

"विश्वास ठेवला असता?"

"नसता."

"आता तरी संशय गेला?"

"नाही. तुमचं काम तर केव्हाच संपलंय, मोठ्या बाईंनीच सांगितलं. मग रोज येता कशाला?"

गुंडाळलेली वायर त्याने उलगडली, पुन्हा गुंडाळली. "मुलांना काही अडलं तर..."

"मुलांचं काही अडत नाही."

"माझं अडतं." तो हळूच म्हणाला. "दिवसातून एकदा तुमचा आवाज ऐकला नाही की... माझं सगळंच अडतं."

कान तापले. या वेळी माझे.

"वाटलंच होतं मला," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून तुमच्या मनात काळंबेरं होतं."

"मग... तक्रार करणार?"

"करणार तर! ताईकडे. उद्या चहाला या. उलटतपासणी तिच्यासमोरच होऊ दे."

"आणि सुटका?"

"तिची आशा," मी वायरचं दुसरं टोक हातात घेतलं, "सोडाच आता."