ओलं शेंदरी लुगडं

त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या देवीला फडक्यानं पुसत होता... आणि शीळ घालत होता.

माझ्या एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्यात जास्वंदी. केस अजून ओले. बंगल्याच्या मागच्या अंगणात, उंबराखाली, वर्षभरानं पाऊल टाकलं होतं, आणि समोर आई उघडी. काळी, चकचकीत. अंगावर शेंदराचा ठिपका नाही.

"छान निघालाय ना दगड?" तो वळून म्हणाला. "काय जाड रंग होता वरती. खाली एवढं सुंदर काम असेल असं वाटलंच नव्हतं. डोळे बघा—"

"डोळे खाली करा," मी म्हटलं.

"काय?"

"तुमचे. ती उघडी आहे."

बेलापूरच्या खाडीकाठचा हा बंगला इंग्रजांच्या मीठखात्याच्या साहेबाचा. साहेब गेले, वटवाघळं आली. मग नव्या शहरासाठी आमची मिठागरं भरावाखाली गेली आणि त्र्याऐंशी साली मुंबईच्या एका शेठनं बंगला घेतला. जुनं रूप जसंच्या तसं करून हॉटेल काढायचं म्हणे. चहूबाजूंनी पत्रा ठोकला. मिठागराच्या बांधावरची ही आई मात्र साहेबाच्याही आधीची. आमच्या घरच्या बायका तिला रोज तेल-फूल आणि मंगळवारी शेंदूर वाहतात. तिला वाहिल्याशिवाय मी पाणी घेत नाही. वर्षभर पत्र्याला बाहेरून फूल टेकवून व्रत चालवलं.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री शेठनं जमिनी गेलेल्या घरांना पाहुणे म्हणून राहायला बोलावलं. बाळारामदादा म्हणाला, "जमीन घेतली आनि एक रात झोपायला गादी देतंय." पण मी हट्ट धरला. गोजरावहिनी खांबांच्या पलंगावर, मच्छरदाणीत, मडमेसारखी झोपली. मी जागीच होते. संध्याकाळी मागच्या दाराला कुलूप होतं आणि वर पाटी होती – रंग ओला आहे. पहाटे कुलूप निघालं तशी मी न्हाऊन बाहेर पडले.

आता कळलं, दारामागे कसल्या रंगाचं काम चाललं होतं.

"मी जयप्रकाश," तो चाचरत म्हणाला. "इथलं दुरुस्तीचं काम माझ्याकडे आहे. अहो, सगळ्या कठड्यांना, गजांना खाली शेंदरी रंगच निघाला. लोखंड गंजू नये म्हणून मारतात तो. मला वाटलं, रंगाऱ्यांनी वर्षानुवर्षं इथे ब्रश पुसले असतील..."

"देवीच्या तोंडाला?"

"तोंड नंतर दिसलं. मला वाटलं, साहेबानं आणलेली शोभेची मूर्ती असेल. वर्षभरात हात जोडायला कोणी आलंच नाही."

"कुंपण कोणी घातलं होतं?"

त्यानं फडकं पाठीमागे लपवलं.

माझा आवाज चढत नाही. राग आला की उलट उतरतो. मी वाटी खाली ठेवली आणि उंबराला टेकून बसले. "आईला शेंदराचं लुगडं नेसवेपर्यंत मी पाणी घेणार नाही."

तेवढ्यात दादा आला. आईकडे बघितलं आणि त्याच्या कपाळाची शीर उठली. "गावाला हाक मारतो. आज हितं कोन फीत कापतंय तेच बघतो."

"तुमी गप बसा," मागून वहिनी म्हणाली. "तिला बोलू द्या. ती हल्लू बोलते तवाच समोरचा गार होतो."

समोरचा खरंच गार झाला होता. संध्याकाळी पाचला उद्घाटनाचे पाहुणे यायचे होते. गाव आत घुसला तर डोकी फुटली असती, आणि दादाचं पहिलं.

"खरवडलेलं कुठे टाकलंत?" मी विचारलं.

तो धावत आत गेला आणि लाकडी खोका घेऊन आला. आत गवतावर आईचं कवच होतं, जवळजवळ अखंड. आतल्या बाजूला तिच्या गालांचा, नाकाचा ठसा. कडेला थरावर थर... माझ्या आजीचा शेंदूर, तिच्या सासूचा शेंदूर.

"टाकवलं नाही," तो म्हणाला. "का, ते माहीत नाही. पण टाकवलं नाही."

माझ्या रागाला तिथे पहिली ठेच लागली. मला त्याचाही राग आला.

"ज्या हातानं उतरवलं त्याच हातानं खाडीत सोडायचं. त्याच हातानं पुन्हा लेप द्यायचा. उपाशीपोटी."

"मी सकाळपासून काही घेतलेलं नाही."

"सकाळ आत्ताच झालीय."

"म्हणजे... आता घेणार नाही."

दुपारच्या भरतीला दादानं होडी काढली. जयप्रकाश खोका मांडीवर घेऊन बसला, तान्हं मूल धरावं तसा.

"पवता येतं का?" दादानं विचारलं.

"नाही."

"बरं हाय."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी पाण्याकडे बघत राहिले. त्यानं कवच दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. शेंदरी वर्तुळ पसरत गेलं आणि विरलं. तो हात जोडायचं विसरला, मग गडबडीनं जोडले. उन्हानं त्याचे ओठ सुकले होते. माझेही. माझ्या ओठांकडे बघून त्यानं नजर वळवली, आणि मला उगाच पदर सारखा करावा लागला.

अंगणात आल्यावर मी परातीत शेंदूर ओतला. तो कालवू लागला.

"तेल जास्त झालं."

"मग तुम्ही कालवा."

"हात तुमचाच लागतो. आणखी शेंदूर घ्या. असं नाही... तळव्यानं."

"तुम्ही सगळ्यांवर अशाच रागावता?"

"सगळे आमच्या देवीला खरवडत नाहीत."

तो हसला. मी हसले नाही. वरून तेलाची धार सोडत राहिले. ती त्याच्या बोटांवरून ओघळत होती. त्यानं आईच्या पावलांपासून सुरुवात केली. कपाळापर्यंत आला तेव्हा फाटकात मोटार थांबली.

शेठ. पांढरे कपडे, हातात गुलाबाचा हार.

"ये क्या कर रहे हो? होटल के पर्चे पर इसका काले पत्थरवाला फोटो छप चुका है. धो डालो."

दादा उठला. मी त्याच्याकडे बघितलं, तो थांबला. पण शेठ पुढे झाला आणि आईकडे हात नेला. जयप्रकाश मध्ये उभा राहिला. कोपरापर्यंत शेंदरी.

"शेठ, हात लावू नका. रंग ओला आहे."

"जयप्रकाश, नौकरी प्यारी नहीं क्या?"

"डोळे राहिलेत. ते झाले की जातो."

शेठनं दादाकडे पाहिलं, पत्र्यापलीकडे जमलेल्या गावच्या बायकांकडे पाहिलं, आणि हार मोटारीत ठेवून आत निघून गेला. मी काजळाची डबी पुढे केली. जयप्रकाशनं श्वास धरून डोळे रेखले. एक जरासा तिरपा झाला. मी तो तसाच राहू दिला.

मग त्यानं घागरीतून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. पेल्याला शेंदरी बोटं उमटली.

"घ्या आता."

"तुम्ही आधी."

"राग गेला?"

"नाही," मी म्हटलं आणि पाणी प्यायले.

त्याची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. गावानं मागचं फाटक मात्र उघडं करून घेतलं. शेठनंही पुढे नाद सोडला. गोरे पाहुणे म्हणे त्याच मूर्तीचे फोटो काढत होते. जयप्रकाशला पनवेलला काम मिळालं, आणि दर मंगळवारी तो एसटीनं यायचा, शेंदराची पुडी घेऊन. उशीर झाला की मी रागवायचे. वेळेवर आला की पुडी हलकी आहे म्हणून रागवायचे.

भाद्रपद संपता संपता त्यानं विचारलं, "राग कधी जाणार, अरुणा?" नाव पहिल्यांदाच घेतलं... तेही आईसमोर.

मी वात सारखी केली. "आश्विनात आईचा वर्षाचा लेप असतो."

"मी येईन."

"एकट्याचं काम नाही ते. जोडप्यानं बसावं लागतं."

"बाळारामदादा आणि वहिनी बसतात ना?"

"दरवर्षी तेच बसतात." माझा आवाज इतका उतरला की मलाच ऐकू येईना. "यंदा... वहिनीचे गुडघे दुखतात."

"वहिनीचे गुडघे दुखतात?" त्यानं मोठ्यानं विचारलं. मी मागे वळून पाहिलं. वहिनी हंडा कमरेवर घेऊन तरातरा चढ चढून येत होती. तिनं ते ऐकलं, जागच्या जागी थांबली, हंडा खाली ठेवला आणि पायरीवर बसून दोन्ही गुडघे चोळायला लागली.