हिरड्यावरचा पट्टा

घाटघरच्या उतारावरचा जिता हिरडा तोडला गेला, तरी मोहिनीला रडू आलं नाही. त्याचीच फळं वेचून आईनं तिला शिकवलं होतं. आता वनरक्षक झालेल्या मोहिनीनंच त्याच्यावर तोडीचा पट्टा मारला, असं साहेब म्हणत होते. नोकरी जाणार होती. तिला काहीच वाटत नव्हतं.

तिने नारायणगावच्या खासगी गुप्तहेर जया शिंगोटे यांना बोलावलं. सोबत जीप चालवणारा भगवंत होता. त्याची ट्यूब जरा उशिरा पेटे.

मोहिनीने कोरड्या आवाजात काम सांगितलं. वठलेल्या झाडाला मापाची काठी लावायची, छातीच्या त्या उंचीवर घेर मोजायचा आणि पांढरा पट्टा मारायचा. पट्टा असेल तेच झाड तोडायचं. काठी आणि रंग चौकीत. किल्ल्या तिघांकडे: ती, तोडणारा गोकुळ आणि ठेकेदार कुशाबा.

गोकुळ गावचाच. मोहिनीने त्याला एकदा चोरट्या लाकडासकट पकडलं होतं. जितं झाड का तोडलं, या प्रश्नावर तो म्हणाला, "पट्टा दिसला की तोडायचं, झाडाकडं कोण बघतंय?"

कुशाबा पिंपरी पेंढारचा. शेतांच्या बांधांवरची झाडं घेण्यात त्याची हयात गेलेली. चूक बाईंची, असं तो शांतपणे म्हणाला.

जयाताईंनी उताराच्या खालच्या अंगानं खुंट मोजला, मग आडव्या खोडावर पट्ट्यापर्यंतचं अंतर. दोन्ही मिळून बरोबर काठीएवढं भरलं. शेजारच्या वठलेल्या झाडांच्याही खालच्या अंगाला त्या उभ्या राहिल्या, तर तिथले पट्टे त्यांच्या डोक्याच्या वर होते.

"माप बरोबर, म्हंजी पट्टा बाईंचाच," भगवंत हळूच म्हणाला.

जयाताईंनी गोकुळ आणि कुशाबाला उभ्या झाडाला काठी लावायला सांगितलं. गोकुळ न विचारता उतार चढून झाडाच्या वरच्या अंगाला गेला. कुशाबानं खालूनच लावली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती," जयाताई म्हणाल्या. "उतारावर माप वरच्या अंगानं घेतात. मोहिनीचे पट्टे तसेच आहेत, म्हणून खालून उंच दिसतात. गोकुळचा पायही आपसूक वर गेला. हिरडा मात्र खालून मोजलाय. कुशाबाभाऊ, तुमच्या सपाट बांधावर वरचं-खालचं अंग नसतं."

कुशाबानं काठी खाली ठेवली. "वठलेल्या लाकडात पैसा कुठं सुटतोय, राव?" तो म्हणाला.

नोकरी वाचली, असं भगवंतनं मोहिनीला दोनदा सांगितलं. तिने मान हलवली. काठी उचलून ती सवयीनं खुंटाच्या वरच्या अंगाला गेली आणि तिथे टेकवली.

खुंट तिकडून जेमतेम घोट्याएवढा होता. काठी एकटीच उभी राहिली. तेव्हा कुठे मोहिनीला रडू फुटलं.