बसलेला आवाज

"या घरात सिगारेट नको, बाबा. तुम्ही हवे आहात," असं सुनेच्या तोंडून निघून गेलं आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे घास हातातच राहिले.

सासरे निवृत्त स्टेशन-उद्घोषक. त्यांच्या एका आवाजासरशी अख्खा प्लॅटफॉर्म कान टवकारायचा. घरात त्यांना उलटून बोलायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी मुकाट्यानं हात धुतले, बॅग भरली आणि लेकीचं घर गाठलं... जाताना सुनेकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नणंदेनं फोनवर तोंडसुख घेतलं. "म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढलंस. काळीज आहे की दगड?"

सुनेनं ऐकून फोन ठेवला. तिच्या स्वतःच्या वडिलांना सिगारेटपायी फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. एकेका श्वासासाठी त्यांची चाललेली ती जीवघेणी तडफड तिनं उशाशी बसून पाहिली होती. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "मला खुशाल कैदाशीण म्हणू देत. माणूस राहिला म्हणजे झालं."

एके दिवशी तिची छोकरी आजोबांशी फोनवर बोलली आणि हसत सुटली. "आई, आजोबा बेडकासारखे बोलतात. महिना झाला म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सून नणंदेच्या दारात उभी राहिली. सासऱ्यांनी तिला पाहताच भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हवं तितकं रागवा, बाबा," ती म्हणाली, "पण चपला घाला."

तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर... सोबत आलेल्या नणंदेनं रिपोर्ट दोनदा वाचला. सासऱ्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "सिगारेटमुळे?"

"बहुतेक त्यामुळेच," डॉक्टर म्हणाले. "तो धूर इतकी वर्षं याच वाटेनं आत गेलाय. पण अगदी सुरुवातीला सापडलाय, बरं होण्याची चांगली आशा आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, तर दाखवायलाच हवं. यांना आणलं कुणी?"

नणंदेनं मान खाली घालून वहिनीकडे बोट दाखवलं.

मग रेडिएशन सुरू झालं. ज्या बेकरीत कामाला होती तिथली पहाटेची पाळी सोडून, वर साहेबांची बोलणी खाऊन, सून त्यांना नणंदेच्या घरून रोज स्कूटरवर घेऊन जाऊ लागली. सिगारेट त्यांनी सोडली. त्या दिवसांत ते चिडायचे, बडीशेपेचे बोकाणे भरायचे, पण तिच्यामागं गुपचूप बसायचे. घसा सोलून निघाला, बोलणंच बंद झालं. एका दुपारी तिनं भरवलेली पेज गिळता गिळता त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि लहान मुलासारखे रडले... तिनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. कोण कुणाला क्षमा करत होतं, कुणास ठाऊक.

काही महिन्यांनी दुर्बिणीतून घसा पाहून डॉक्टर प्रसन्न हसले. "स्वच्छ आहे, आजोबा. येत राहा तपासायला."

सून स्कूटर काढायला निघाली होती. तेवढ्यात मागून खणखणीत हाक आली, "पोरी, थांब की गं!"

व्हरांड्यातली सगळी डोकी वळली. "आजोबा, हळू. हॉस्पिटल आहे हे," नर्स म्हणाली. "कोण त्या तुमच्या?"

"लेक माझी. घरी न्यायला आलीय."

"आणि मी कोण?" शेजारी उभ्या नणंदेनं डोळे पुसत विचारलं.

"तूही लेकच," सासरे तिच्या घरून भरून आणलेली बॅग तिच्या हातात देत म्हणाले, "पण स्कूटरवर जागा एकालाच आहे. तू रिक्षानं ये."


आणि नणंद सामानासकट हसत हसत रिक्षा शोधायला धावली.