खाचेतली कणीक

थप्प! दुपारच्या शांत ओट्यावर ओल्या कणकेचा गोळा भिंतीवर बसला. मंजुषाने अंगठ्याने तो खाचेत दाबला. जुन्या पुराचं पाणी जिथवर चढलं, तिथे दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, सासऱ्यांनी ती खाच छिन्नीने कोरली होती. आज पूररेषेची मोजणी गोदाकाठच्या घरांपर्यंत पोचणार होती. घर रेषेत सापडलं, की वर माडी चढवायची परवानगी नाही! आणि माडीवर शिवणक्लास... नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती त्याच एका आशेवर होती.

वरून चुन्याचा हात फिरवते न फिरवते तोच फाटकाची कडी वाजली. टेप घेऊन मोजणीवाला, ज्ञानेश, उभा.

“ताई—” म्हणता म्हणता तो अडखळला. “अहो... नाकाला चुना लागलाय.”

तिने पदराने नाक पुसलं. कान मात्र लाल झाले.

“पुराचं पाणी कुठवर आलेलं?”

“गुडघ्याएवढं.”

“तुमच्या की माझ्या?”

“ज्याचा लवकर मोजून होईल त्याच्या!”

हसत त्याने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. पेन विसरलं म्हणे... पेन तर खिशालाच होतं! मंजुषा हसणार, तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली आणि ती गारच पडली. मुंग्यांची रांग थेट चुन्याआड शिरत होती.

ज्ञानेशने बोटाने कणीक उकरली. “तुमच्याकडे चुन्यात कणीक मळतात होय?”

“माझी माडी जाईल हो... गुडघाच राहू द्या ना.”

“नकाशात खरं तेच जाणार. खोटं लिहिलं आणि पाणी आलं, तुम्ही आत असलात... तर मी काय करू?”

“येऊ नका परत!” तिने धाडकन दार लावलं.

सप्टेंबरात एका सकाळी तो धापा टाकत आला. “धरणातून पाणी सोडलंय. दुपारी खाचेला लागेल. चला!”

पहिली पायरीसुद्धा कोरडी होती. तरी तिने शिवणमशीनचं डोकं उचललं. त्याने तिच्या चार वर्षांच्या भाग्यूला.

दुपारी चढावरच्या देवळातून तिने पाहिलं. पाणी बरोब्बर खाचेशी!

“मी दार लावलं होतं... तरी आलात?”

“कणकेसकट आवडलात, काय करू?”

त्याच्या कडेवरून भाग्यूने विचारलं, “आई, पाणी उतरलं की काकापण जाणार?”