वारुळातला भुंगा

मुलांच्या संग्रहालयाचे कारभारी साहेब, कुलूप लावण्याआधी आत डोकावायला तुमची मान दुखत होती का? बाहेर ही मोठी पाटी, 'सगळ्याला हात लावा!' आणि पाहुणे आले की त्याच मुलांना हाकलायचं!

भिंगरीला अगदी असंच हाकललं. तिचा चार वर्षांचा भाऊ भुंगा प्लायवूडच्या वारुळात शिरला होता. बोगद्यातून सरपटत जायचं आणि घसरगुंडीवरून बाहेर यायचं. भिंगरी घसरगुंडीपाशी चुळबुळत उभी होती, तेवढ्यात रखवालदार गरजला, "चला सभागृहात! साहेबांचं भाषण आहे!"

"काका, माझा भाऊ आत आहे!"

"मी हाक मारली. कोणी ओ दिली नाही. गेला असेल पुढे!"

दिवा बंद. खोलीला कुलूप!

सभागृहात सोबत आलेल्या मावशीशेजारी भुंगा नव्हता. भिंगरी उलट पावली पळत सुटली, मागोमाग मावसभाऊ चष्मिश.

"हे बघ!" भिंगरी ओरडली. खोलीबाहेर चपला ठेवायच्या मांडणीत एकच जोड उरला होता. लाल, एवढासा, भुंग्याचा! तिनं तो मुठीत धरला.

"विसरलं असेल कोणीतरी," रखवालदार म्हणाला. "किल्ली साहेबांकडे आहे. भाषणात गडबड नको!"

भिंगरीनं दार बडवलं. आत चिडीचूप!

"ओ का देत नाही गं हा?"

"अरे बावळ्या, त्याला वाटतंय लपाछपी चाललीय! हाक मारली की हा आणखी आत सरकतो!"

चष्मिशनं चष्मा वर सरकवला. "बोलकी नळी! तिचं एक तोंड वारुळात आहे आणि दुसरं सभागृहात, मंचाशेजारी!"

दोघं धूम पळाली. भिंगरीनं नळीच्या नरसाळ्यात तोंड घातलं. "भुंग्या, डाव संपला रे! तू जिंकलास!"

पलीकडून हुंदका आला.

मंचावर साहेब हसत म्हणाले, "बालमित्रांनो, विचारा प्रश्न! अजिबात घाबरू नका!"

चष्मिशनं माईक झडपला. "प्रश्न माझा नाही, साहेब. आतल्या मुलाचा आहे!" आणि माईक नरसाळ्याला लावला.

सगळं सभागृह दणाणलं, "ताईऽऽ! मी जिंकलो ना? मग अंधार का केला?"

साहेबांच्या हातातला कागद गळून पडला. मावशी किंचाळली. रखवालदार किल्ली घेऊन ठेचकाळत पळाला!

भुंगा बाहेर आला तो नाक पुसत, धुळीनं माखलेला. भिंगरीनं त्याला असं घट्ट धरलं की तो कळवळला, "ताई, गुदमरतंय!"

प्रमुख पाहुण्या आजींनी भिंगरीची आणि चष्मिशची पाठ थोपटली. "शाबास रे वाघांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत."

साहेबही पुढे सरसावले. "हो हो, शाबास! दोघांना आपल्यातर्फे छानसं बक्षीस..."

"बक्षीस राहू द्या," भिंगरी म्हणाली. भुंग्याच्या चपला अजून तिच्या मुठीत होत्या. "त्यानं प्रश्न विचारलाय, साहेब. अंधार का केला? सांगा ना त्याला!"