चौथ्या रात्रीची खोली

भोपाळच्या शिवाजी नगरमधल्या मराठी मंडळात पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या, आणि त्या जितेंद्र सांभाळायचा. दिवसा कारखान्यात नोकरी, सकाळ-संध्याकाळ मंडळ. त्या बुधवारी तो रजिस्टर मिटत होता, तेवढ्यात पाठीवर भलीमोठी बॅग घेतलेली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. नखशिखांत भिजलेली.

"मराठी पाटी दिसली म्हणून आले... खोली आहे?"

"आहे ना. सामान उठवू का?"

"उठवू नका, उचला," ती हसली. "पण आधी खोली दाखवा. न बघता मी बॅग टेकवत नाही."

ती चिपळूणची योगिनी. दीड महिना एकटीच देश हिंडत होती. तिनं उशीचा वास घेतला, नळ सोडून पाहिला, मग आत जाऊन कडी लावली आणि ओरडली, "ढकला बरं दार!"

जितेंद्रनं अदबीनं ढकललं.

"अहो, चोर असा ढकलतो का?"

मग त्यानं चांगला खांदा लावला. कडी टिकली. जितेंद्र मात्र त्याच क्षणी कामातून गेला.

मंडळाचा नियम एकच. तीन रात्री, चौथी नाही. जितेंद्रच्या वडिलांनी सख्ख्या मेहुण्यालाही चौथ्या दिवशी बॅग भरायला लावली होती, आणि मुलगा बापाच्या वरताण. तरी ते दोन दिवस कसे गेले, त्याचं त्यालाच कळलं नाही. सकाळी पोहे-जिलेबी, संध्याकाळी मोठ्या तलावाचा काठ, आणि एका छत्रीत दोघं... छत्री बरीचशी तिच्यावर, हा अर्धा बाहेर भिजत.

"तुम्ही असेच सगळ्या पाहुण्यांना फिरवता?"

"नाही... म्हणजे, वेळ असला तर."

"आणि वेळ कुणाकुणासाठी असतो?"

जितेंद्रचे कान लाल झाले आणि त्यानं छत्री आणखी तिच्याकडे सरकवली.

शुक्रवारी सकाळी तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरून सांगितलं, "दुबईची नोकरी आलीय. तीन वर्षांचा करार. आज संध्याकाळी हो-नाही कळवायचंय. पण मी दहा दिवस मागून घेईन म्हणते... विचार करायला. ते दिवस इथेच काढीन, भोपाळमध्ये. एक बरी खोली शोधून द्याल?"

यापेक्षा उघड एखाद्या मुलीनं काय बोलावं? पण जितेंद्रनं ऐकलं ते एवढंच, की योगिनीला बरी खोली हवी आहे. त्यानं रजा टाकली आणि स्कूटर काढली.

हबीबगंजपासून सुरुवात केली. पहिल्या लॉजच्या चादरीला वास. दुसऱ्याचं न्हाणीघर बाहेर. तिसऱ्याच्या कडीला खांदा लावला तर ती हातात आली. चौथ्याचा मालक म्हणाला, "भाईसाब, किसके लिए चाहिए?"

"मेहमान आई हैं।"

"किसकी मेहमान?"

जितेंद्र तिथून निघालाच. सात लॉज पाहिले, सातही नापास. स्वतःला असती तर त्यातली कुठलीही खोली त्याला चालली असती. पण योगिनीसाठी? छे!

दुपारी पिपलानीला, कारखान्याच्या क्वार्टरवर, घरी जेवायला गेला, तर आई म्हणाली, "अरे, आपली पुढची खोली रिकामी आहे की. घेऊन ये तिला."

"काहीतरीच काय, आई! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, लग्न करा."

मनातून त्याला तेच हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. आणि म्हणूनच ते बोलायची त्याला भीती वाटली.

संध्याकाळी तो मंडळात आला तो विजयी चेहऱ्यानंच. तिच्या हातात कागद दिला. "उज्जैनला! एका मावशींचं घर आहे. चादरी धुतलेल्या, कडी पितळेची, मी फोन लावून सगळं विचारलंय. टेन्शनच नका घेऊ."

तिनं कागद वाचला आणि त्याची घडी घातली.

"भोपाळमध्ये एकही नाही?"

"तुमच्या लायक एकही नाही."

"बरं..." ती म्हणाली आणि फोन घेऊन बाहेर गेली. त्याला वाटलं, उज्जैनच्या मावशींशी बोलतेय. ती दुबईला होकार कळवत होती.

शनिवारी फलाटावर त्यानं उज्जैनच्या गाडीची चौकशी करायला पाऊल उचललं, तेव्हा तिनं त्याला थांबवलं. "मी मुंबईला चाललेय. सोमवारी विमान आहे."

"पण ती खोली? इतकी चांगली..."

"जितेंद्र, मी एकोणीस गावांत राहिलेय. वाईट खोलीत कसं राहायचं, ते मला येतं. मला चांगली खोली नको होती. इथली हवी होती."

त्याला आता सगळं कळलं.

"मला तुम्ही आवडता, योगिनी. पहिल्या दिवसापासून. नका ना जाऊ..."

गाडीनं भोंगा दिला. डब्यात चढलेली योगिनी दारातच वळली. डोळे काठोकाठ भरलेले.

"शब्द देऊन बसलेय रे. रात्रीच मेलवर सह्या झाल्यात." पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. "हे काल का नाही सांगितलंस?"

"काल..." गाडी हलली तशी तो दोन पावलं तिच्याबरोबर चालला. "काल मी खोल्या बघत होतो."